दहा वाजून सात मिनिटांनी दिवे बंद

चेंडू पत्र्यावर आदळला की आधी 'ठण्ण' असा आवाज येतो आणि मग तो पत्रा थोडा वेळ थरथरत राहतो. ही थरथर मला पहिल्या महिन्यातच पाठ झाली होती. त्यानंतर चार-पाच जणांचा एकदम ओरडा, मग दोन मिनिटं शांतता. डोळा लागतोय असं वाटावं तोच पुन्हा 'ठण्ण'. आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून शेजारच्या टर्फच्या, म्हणजे तासाच्या हिशोबाने भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानाच्या, जाळीपर्यंतचं अंतर मी नंतर टेप लावून मोजलं. ते भरलं 38 फूट.

आमचे हे एसटीत चालक आहेत. पहिल्या गाडीची ड्युटी असली की पावणेचारचा गजर असतो. साडेनवाला अंथरुणाला पाठ टेकली तर जेमतेम सहा तास मिळतात. टर्फ सुरू झाला ऑक्टोबर 2024 मध्ये, आणि दिवाळी सरेपर्यंत यांची झोप तीन-साडेतीन तासांवर आली. एकदा घाटातून येताना क्षणभर डोळा मिटला, असं यांनी घरी आल्यावर जेवताना सांगितलं. सांगताना आवाज अगदी साधा होता. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला. मागे पन्नासेक माणसं बसलेली असतात हो. त्या दिवशी ठरवलं की आता हे कुठपर्यंत जाईल तिथपर्यंत न्यायचं.

आधीच सांगते, मी खेळाच्या विरोधात नाही. माझा मुलगा आठवीत आहे, तो त्याच टर्फवर संध्याकाळी सात ते आठ खेळतो. पूर्वी मुलं ज्या मोकळ्या पटांगणात खेळायची तिथे आता गाड्या लागतात. मुलांना खेळायला जागा हवी, आणि मोठ्यांनाही हवी. दिवसभर काम करून रात्री तासभर बॅट धरणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही. प्रश्न खेळाचा नव्हता, घड्याळाचा होता. पण हे सरकारी भाषेत कसं मांडायचं ते कळायला मला दहा महिने लागले.

सुरुवात साधीच केली. एका रात्री पावणेअकराला गाऊनवर ओढणी घेऊन खाली गेले आणि जाळीबाहेरून मुलांना सांगितलं. मुलं चांगली होती. "सॉरी काकू, हळू खेळतो," म्हणाली, आणि दहा मिनिटं खरंच हळू खेळली. पण हळू खेळून क्रिकेट होत नाही. त्यांच्यानंतर साडेअकराची दुसरी तुकडी आली. तिला मी काय सांगितलं होतं ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. मोबाइलवर स्लॉट बुक करून दर तासाला नवी माणसं येतात. कितीजणांना समजावणार?

मग 112 ला फोन लावला. गाडी आली, खेळ थांबला, गाडी गेली, वीस मिनिटांत खेळ पुन्हा सुरू. असं चार वेळा झालं. दुसऱ्या फोननंतरच्या सकाळी टर्फवरचा व्यवस्थापक मला फाटकापाशी म्हणाला, "काकू, फोन करायच्या आधी एकदा आम्हाला सांगायचं ना." म्हणजे फोन कोणी केला हे त्याला रातोरात कळलं होतं. तिसऱ्या वेळी आलेले हवालदार वयस्कर होते, मनापासून बोलले. "ताई, स्पीकर लावलेला असता तर मी आत्ता उचलून नेला असता. पण पोरं तोंडानं ओरडतायत. त्याला कुठलं कलम लावू?"

त्यांच्या या प्रश्नाने मला घरी बसून नियम वाचायला लावले. मी शिकवण्या घेते, मोठं इंग्रजी वाचायची फार सवय नाही. पण ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 हे काही फार लांबलचक प्रकरण नाही, दोन संध्याकाळींत वाचून झालं. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ते झालेले आहेत. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6, हे त्यात स्पष्ट आहे. रहिवासी भागाला दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. व्यापारी भागाला 65 आणि 55. औद्योगिक भागाला 75 आणि 70. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्राला 50 आणि 40.

हवालदार म्हणत होते ते अर्धं बरोबर होतं. ध्वनिक्षेपकाचा नियम वेगळा आणि कडक आहे. लेखी परवानगीशिवाय लावायचा नाही, आणि रात्री दहानंतर बंदिस्त सभागृहासारख्या जागा सोडल्या तर एरवी नाहीच. खासगी जागेत वाजणाऱ्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या पातळीपेक्षा 5 डेसिबलहून जास्त असता कामा नये, हेही त्यात आहे. पण भागाची जी मर्यादा आहे ती आवाज कशाचा आहे हे विचारत नाही. स्पीकरचा असो, पत्र्याचा असो की गळ्याचा. पातळी 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त ओलांडली गेली, की माणूस तक्रार करू शकतो. म्हणजे आमच्यासाठी आकडा ठरला 55. रात्री दहानंतर 55 किंवा वर.

आकडा मिळाल्यावर वाटलं, झालं काम. शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने फोनवर आवाज मोजायचं ॲप टाकून दिलं. खिडकीत फोन धरला. आकडे नाचायला लागले, 48, 51, 49, मध्येच पत्रा वाजला की 78, लगेच परत 50. मी 78 बघून खूश झाले. पण नियमातला आकडा सरासरीचा असतो, ठरावीक वेळातल्या एकूण ध्वनिऊर्जेची सरासरी. बारावीच्या गणितातला लॉग इथे कामाला आला. 78 चा ठोका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच टिकला आणि मिनिटातून एकदाच वाजला, तर मिनिटभराच्या सरासरीत त्याचे 55 च्या आसपासच होतात. आणि झोप मोडते ती त्या एका ठोक्याने. सरासरीने कोणी जागं होत नाही. कायदा सरासरी मोजतो आणि आपण ठोके मोजत पडून असतो, ही यातली खरी अडचण आहे. जनरेटर किंवा डीजेसारख्या सलग आवाजाला हे माप चांगलं बसतं, चेंडू-पत्र्याला नाही.

म्हणून मी वही घातली. मुलाच्या रफवहीची मागची पानं. तारीख, वेळ, काय झालं, किती वाजता थांबलं. "11.40, पत्रा, 6 वेळा. 11.52, आऊटवरून भांडण. 12.20, शिट्टी. 1.05, गाड्या चालू करून गेटवर गप्पा. 1.20, दिवे बंद." ॲपचे आकडेही बाजूला लिहिले, पण ते पुरावा म्हणून चालत नाहीत, प्रमाणित यंत्रच लागतं. वही मात्र प्रत्येक टेबलावर चालली. ज्या ज्या अधिकाऱ्यासमोर मी ती उघडली त्याने ती पानं उलटून पाहिली. तोंडी "रोज त्रास होतो" म्हटलं की समोरचा मान डोलावतो. "21 रात्रींपैकी 17 रात्री साडेबाराच्या पुढे" म्हटलं की तो पेन हातात घेतो.

पुढचे दोन महिने कार्यालयांत गेले, त्यावर फार लिहीत नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं प्रदूषण नियंत्रणवाल्यांकडे जा, तिथे सांगितलं कारवाईचे अधिकार पोलिसांचे, स्थानिक कार्यालयात सांगितलं आवाजाचं आमच्याकडे नाही. एवढंच सांगते की अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. माझा पहिला अर्ज पोच न घेता दिला होता, आणि तो कुठेच सापडला नाही.

याच काळात, 23 जानेवारी 2025 ला, मुंबई उच्च न्यायालयाचा भोंग्यांबाबतचा निकाल आला. तक्रार आली की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता, पडताळत न बसता कारवाई करावी, असं त्यात आहे. व्यवस्थापकाचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नव्हतं. त्या निकालाच्या बातमीचं कात्रण मी पुढच्या अर्जाला जोडलं. त्यानंतर माझं नाव खाली टर्फवर पोचल्याचं निदान मला तरी जाणवलं नाही.

खरी वाट सापडली ती माहितीच्या अधिकारातून. कागदावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मी चारच प्रश्न विचारले. या जागेवर कोणत्या वापराला परवानगी आहे, ती कधीपर्यंत आहे, तिच्या अटींची प्रत द्या, आणि खेळाच्या वेळेबाबत कोणती अट आहे. मुदत 30 दिवसांची असते, उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. परवानगी तात्पुरती होती, एका वर्षाची, ऑगस्ट 2025 मध्ये संपणारी. अटी अकरा होत्या. पाण्याचा निचरा, अग्निशमन, पार्किंग, "परिसरातील रहिवाशांना उपद्रव होणार नाही याची दक्षता घ्यावी". वेळेबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी ते पान कितीतरी वेळा वाचलं. आपल्याकडे मैदान किती वाजता बंद व्हावं हे सांगणारा वेगळा कायदाच नाही. असेल तर ती वेळ अशा परवानगीच्या अटीतच असते, आणि आमच्या अटीत ती कोणी घातलीच नव्हती. कारण मागितलीच नव्हती. जर्मनीत 1991 पासून खेळाच्या जागांच्या आवाजासाठी स्वतंत्र नियमावली आहे. दिवस, विश्रांतीचा काळ आणि रात्र अशा वेळा पाडून वस्तीच्या प्रकारानुसार मर्यादा दिलेल्या आहेत. 2017 मध्ये त्यांनी संध्याकाळच्या मर्यादा थोड्या सैल केल्या, खेळ बंद पडू नये म्हणून. आणि 2011 पासून लहान मुलांच्या खेळण्याचा आवाज हा तिथे साधारणपणे उपद्रव धरत नाहीत. हे मला फार योग्य वाटतं. सात वाजता ओरडणारी आठवीतली पोरं आणि साडेबाराला पत्रा वाजवणारी मोठी माणसं यांना एकाच डेसिबलच्या तागडीत घालू नये. आपल्याकडेही मैदानांसाठी असा वेगळा विचार व्हायला हवा. टर्फ तर आता गल्लोगल्ली झाले आहेत.

तोवर हाती असलेलंच वापरायचं होतं. परवानगी ऑगस्टमध्ये संपत होती, म्हणजे नूतनीकरणाच्या आधी आमचं म्हणणं फायलीत गेलं पाहिजे. त्यासाठी सोसायटीचा ठराव हवा. सभा मार्चमध्ये झाली, दहावीच्या परीक्षा चालू असताना, त्यामुळे उपस्थिती चांगली होती. टर्फ बंदच करा, असं म्हणणारे होते. काही करू नका, जागेला त्यामुळे भाव येतो, असं म्हणणारेही होते. तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "तुमचाही मुलगा तिथंच खेळतो ना?" मी म्हटलं, "खेळतो वहिनी, आणि पुढेही खेळेल. म्हणूनच बंद करा म्हणत नाही, दहाला थांबवा म्हणते." ठराव दहाचाच झाला. शेजारच्या इमारतीतल्या वकीलकाकांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 चा मार्गही सांगितला होता. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतात, तो. अर्जाचा मसुदा त्यांनी लिहूनही दिला. तो वापरायची वेळ आली नाही, पण पिशवीत होता याचा धीर होता.

मोजणी एप्रिलमधल्या एका शनिवारी झाली. रात्री सव्वाअकराला पोलीस ठाण्यातून दोघेजण यंत्र घेऊन आले. हातात मावेल एवढं यंत्र, टोकाला काळ्या स्पंजचा गोळा, वाऱ्याचा आवाज पकडला जाऊ नये म्हणून. आमच्या हद्दीच्या भिंतीपाशी त्यांनी ते छातीच्या उंचीवर धरलं, अंगापासून लांब. कोणी बोलायचं नाही, अशी खूण केली. मी, वकीलकाका आणि वॉचमन श्वास धरून उभे. पलीकडे कुणाचा तरी वाढदिवस होता, दोन संघ भरून माणसं. पंधरा मिनिटांनी त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सरासरी 61.

45 च्या जागी 61. सोळाचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण डेसिबलमध्ये दर दहाला ऊर्जा दहापट होते. सोळा म्हणजे जवळजवळ चाळीसपट.

पंचनामा झाला, नोटीस गेली. टर्फच्या मालकाचं उत्तर आलं की हा रस्ता व्यापारी आहे, खाली दुकानं आहेत, म्हणून मर्यादा 45 नव्हे तर 55 धरावी. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. 55 धरले तर तक्रारीची पातळी 65 वर जाते, आणि आमचे 61 त्याच्या खाली राहतात. त्या एका शब्दावर, 'रहिवासी' की 'व्यापारी', सगळं पालटत होतं. वकीलकाका म्हणाले, "वाद घालू नका, झोन दाखला काढा." नगररचना विभागात अर्ज केला, शुल्क भरलं, नवव्या दिवशी दाखला मिळाला. विकास आराखड्यात आमची इमारत आणि टर्फचा भूखंड, दोन्ही रहिवास विभागात. अशा वादात पडणार असाल तर हा दाखला पहिल्या आठवड्यात काढून ठेवा. मी तो सातव्या महिन्यात काढला.

सुनावणी जूनमध्ये झाली. मालक समोर बसला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. तिशीच्या आतला मुलगा, वडिलांची जागा, त्यावर काढलेलं कर्ज. तो अधिकाऱ्यांशी बोलायचा थांबून माझ्याकडे वळला. "काकू, दहा ते बारा हेच स्लॉट सगळ्यात आधी भरतात. रिक्षावाले, दुकानातली पोरं, कंपनीतली माणसं, सगळी तेव्हाच मोकळी होतात. ते बंद केले तर हप्ता कुठून भरू?"

मला त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि यांचं ड्युटीचं वेळापत्रक शेजारी ठेवलं. त्याने दोन पानं वाचली. "एसटीत आहेत काका?" म्हणाला. मग बराच वेळ पत्र्याबद्दल बोलणं झालं. जाळीच्या खालच्या सहा फुटांना पत्रा होता, चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून. त्याच्या आतून रबरी चटई लावायची आणि आमच्या बाजूची जाळी पत्र्यापासून दोन फूट आत घ्यायची, म्हणजे चेंडू आधी जाळीत मरेल, ही कल्पना त्याचीच. मी सकाळचं सुचवलं. रात्रीचे दोन तास गेले तर सकाळी साडेसहापासूनचे दोन द्या, आमची हरकत नाही, तसं लिहून देतो. सोसायटीने खरंच तसं पत्र दिलं.

नूतनीकरणाचा कागद ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात निघाला. अट क्रमांक 12, खेळाची वेळ सकाळी 6.30 ते रात्री 10. अट 13, ध्वनिक्षेपक आणि शिट्टीस मनाई. अट 14, रात्री 10.15 पर्यंत सर्व प्रकाशझोत बंद. पंधरा मिनिटं सामान आवरायला. शेवटची अट सांगते की यांपैकी कोणतीही मोडल्यास परवानगी रद्द होऊ शकते. मला विचाराल तर 61 डेसिबलपेक्षा या ओळी मोलाच्या आहेत. डेसिबल सिद्ध करायला यंत्र, पोलीस आणि शनिवारची रात्र लागते. दहा वाजले की नाही हे कोणालाही भिंतीवरच्या घड्याळात दिसतं.

सगळं सुटलेलं नाही. त्या फ्लडलाइटचा एक झोत दहापर्यंत थेट तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या देव्हाऱ्यावर पडतो. आवाजाला जसे नियम आहेत तसे प्रकाशाला आपल्याकडे स्वतंत्र नियम नाहीत. मालकाने दिव्यावर झडप बसवून देतो म्हटलंय, अजून बसलेली नाही. आणि सप्टेंबरमध्ये दोन शनिवारी खेळ पावणेअकरापर्यंत गेला. तेव्हा मी 112 ला फोन केला नाही, मालकालाच केला. दुसऱ्या वेळी तो स्वतः स्कूटरवरून येऊन मुलांना बाहेर काढून गेला.

वही चालूच आहे, फक्त आता एका रात्रीला एकच ओळ लागते. काल लिहिलं, "10.07, दिवे बंद." हे तेव्हा झोपलेले होते. पहिल्या पानावर लाल शाईने नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवली आहे, आणि तिच्या दोन महिने आधीची, अर्ज द्यायची.